साबणात दाबलेली मूठ

४ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास,

आधी पाठीत एक हलका धपका, मग आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईने वाचून दाखवलं, आणि हेही तीच लिहून घेते आहे. तू बंदराच्या पहारा दलात गेलीस तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, गल्लीतल्या मांजरांना ठाऊक आहे. पण मला अक्षराची ओळख नाही, आणि घरात लिहिता येणारं माणूस एकच. त्यामुळे स्वतःचा एक शब्द तुला लिहिणार नाही म्हणते आणि माझे शंभर लिहिते. बघ कशी अडकली आहे.

(सासूबाई सांगतात तेवढंच मी लिहिते आहे. माझ्याकडून काही नाही.)

आत्ता तिने काहीतरी जास्तीचं लिहिलं. मला वाचता येत नसलं तरी पेन किती वेळ चालतं ते दिसतं.

तर तुझा प्रश्न. तुमच्या उस्तादांनी टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली, एकाची मूठ खाली गोल, दुसऱ्याची चौकोनी, आणि म्हणाले, निवडा, नोकरीभर तेच वापरायचं. तिथे एवढी शिकलेली माणसं असताना तू निरक्षर आजीला पत्र टाकलंस. बरं केलंस. तुमचे फोन काढून घेतात हेही बरंच आहे, फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते.

तुझ्या आजोबांनी बंदूक कधी केली नाही आणि कधी चालवलीही नाही. रस्त्यात टायर फुटला तरी पलंगाखाली सगळ्यांत आधी तेच. पण मुठीच्या लोखंडी सांगाड्याला दोन्ही बाजूंनी लाकडाचे जे पाटे बसतात, त्यांना ते गाल म्हणायचे, ते गाल करावेत त्यांनीच. ते कोरायचे, मी घासायचे. पहारेकरी, नेमबाज, सगळे आमच्या दारात. गोल हवी की चौकोनी, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. म्हणायचे, आपला हात मोठा आहे असं प्रत्येक पुरुषाला वाटतंच, विचारून काय उपयोग. ते सरळ साबण द्यायचे.

तूही तेच कर. अंघोळीच्या साबणाच्या दोन वड्या पाण्यात ठेव. मऊ झाल्या की एकत्र मळून लांबट गोळा कर आणि रिव्हॉल्व्हर धरतेस तसा धर. दाब, आणि हळूच हात काढून घे. वाळला की दगडासारखा होतो. चिंध्यांत गुंडाळून पाठव.

तुझी आई विचारते, साबण काय फुकट मिळतो का तिथे. म्हणजे बोलली एकदाची तुझ्याशी.

(मी सासूबाईंना विचारलं होतं.)

सही म्हणून अंगठा. शाई जास्त लागली आहे, मुद्दाम लावली आहे.

आजी


१३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

सोबत साबण. माझ्या खोलीत राहणारी मुलगी, तिला सगळे लांबडी म्हणतात, ती मला ओल्या साबणाचा नेम धरताना बघून दारातूनच परत गेली. आता सगळ्या बराकीला वाटतं मला ताण सहन झाला नाही.

तुला नीट सांगते, म्हणजे नीट सल्ला देशील. आमचं काम दोन प्रकारचं. एक गस्तीच्या बोटीवर. जहाज आलं की त्याच्या दोरीच्या शिडीवरून चढायचं, वर जाऊन तपासायचं. दुसरं फाटकावर. काचेच्या खोलीत बसून ट्रकवाल्यांचे पास बघायचे. मी आले ती बोटीसाठी. तुला आठवत असेल, मी लहानपणी बादलीतसुद्धा बोट सोडून तिच्यावर पहारा द्यायचे.

बोट मिळायला नेमबाजीची परीक्षा आहे. आधी दोन्ही हातांनी, उभं राहून. मग शिडीवर, म्हणजे एक हात दोरीला आणि एका हातानेच गोळी. दोनदा संधी देतात. दोन्ही वेळा नापास झालं की फाटक, कायमचं. मग परत अर्ज करता येत नाही.

रिव्हॉल्व्हर या महिनाअखेर निवडायचं आहे. लांबडी म्हणते गोल मूठ म्हणजे पर्समधलं खेळणं. मुलगे तर त्याच्याकडे बघतही नाहीत. चौकोनी हातात घेतलं की भारदस्त वाटतं खरं, पण चापापर्यंत बोट न्यायला मला मूठ जराशी फिरवून धरावी लागते. गोल हातात छान बसतं, पण करंगळीला धरायला काही उरत नाही, ती चहा पिताना पाहुण्यांची असते तशी बाहेर राहते. उस्तादांना विचारलं नाही. विचारलं की म्हणतील, एवढंही कळत नाही.

तू सांगशील ते घेईन. खरंच.

आई कशी आहे? नको, हे वाचू नकोस. म्हणजे आई, तूच वाचत असशील. खोकला गेला का?

तुझा मुंगळा


२२ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास,

साबण पोचला. एका कोपऱ्याला तडा गेला आहे, पण बोटं पाचही हजर आहेत. मी तो हातात फिरवून फिरवून पाहिला. माझी नजर आता कामातून गेली, पण बोटांना दिसतं. तुझा तळवा आखूड आहे आणि बोटं बारीक. हा हात आजोबांकडून आला. तुझ्या आईचा असता तर पंख्यासारखा पसरला असता.

एक गंमत सांगते. परवा दुपारी मी पडले होते. तुझ्या आईला वाटलं मला झोप लागली. ती तुझा साबण मांडीवर घेऊन बसली होती आणि तुझ्या बोटांच्या खाचांत आपली बोटं घालून बघत होती. एकेक. करंगळीपाशी बराच वेळ.

(मी धूळ पुसत होते.)

साबणावर धूळ! चांगलं आहे.

आता मूठ. सर्व बाबींचा विचार करता चौकोनी मूठ घ्यावी. ती भक्कम असते.

खोकला गेला. कुणाचा ते तू विचारलं होतंस, त्याच माणसाचा. आणि लांबडीला सांग, पर्समध्ये काय काय मावतं हे अजून तिने पाहिलेलं नाही. माझ्या पर्समध्ये एकदा तुझ्या आजोबांचं आख्खं जेवण मावलं होतं, आणि वर छत्री.

नीट खा. तुझं खांद्याचं हाड साबणात उमटत नाही म्हणून सुटलीस.

अंगठा,
आजी


१५ मार्च

प्रिय आजी,

वाईट बातमी आधी सांगून टाकते. पहिली परीक्षा गेली.

तू सांगितलंस म्हणून मी चौकोनी घेतली. लांबडी खूश झाली, म्हणाली आता शोभतेस. सरावाला पहिले दोन दिवस बरे गेले. मग प्रत्येक गोळीनंतर रिव्हॉल्व्हर हातात थोडं सरकायचं, कारण मी ते फिरवून धरलेलं. दर वेळी पकड पुन्हा बसवायची. मुठीचा खालचा कोपरा तळहातात, मनगटाच्या जरा वर, असा रुततो की तिथे निळं वर्तुळ झालं आहे. उभ्याने कसंबसं जमलं. शिडीवर दुसरा हात मोकळा नसतो, त्यामुळे पकड पुन्हा बसवता येत नाही. त्यात तो कोपरा मेणकापडाच्या कोटात अडकला. मी शिडीवर लोंबकळत कोटाशी भांडते आहे आणि खाली सगळा वर्ग बघतो आहे. उस्तादांनी वहीत रेघ ओढली आणि पुढचं नाव पुकारलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसरी परीक्षा एप्रिलच्या शेवटी आहे. ती गेली की फाटक. फाटकावरचे साहेब आत्ताच हसून बघतात माझ्याकडे, जागा धरून ठेवल्यासारखे.

तुझ्यावर रागावले नाही. पण एक विचारू? 'सर्व बाबींचा विचार करता' असं तू कधीपासून बोलायला लागलीस? तू तर भाजी घेतानाही एका बाबीचा विचार करतेस, ती म्हणजे भाजीवाल्याचं तोंड.

आजी, मी आपलं फाटकच घेऊ का? खरं सांग.

मुंगळा


२३ मार्च

चि. मुंगळ्यास,

हे पत्र बसून वाच. लिहिणारीही आज ताठ बसली आहे, वर्गात बाकावर उभी केल्यासारखी.

तुझं पत्र ती वाचत होती. 'तू सांगितलंस म्हणून' इथे आली आणि थांबली. उठली, पाणी प्यायली, परत बसली आणि एकदम परीक्षेवर गेली. मी म्हटलं, "मधलं काय गिळलंस?"

"काही नाही, खोडलंय तिने."

"बघू."

आता मला त्यात काय दिसणार, मुंग्यांची रांग. पण खोडलेला कागद कसा दिसतो ते मलाही कळतं. हा कागद साफ होता. मी म्हटलं, "वाच." मग तिने वाचलं.

मुंगळ्या, मी तुला चौकोनी घे असं सांगितलंच नव्हतं. मी गोल घे म्हटलं होतं. का, ते चांगलं ऐसपैस सांगितलं होतं, पाणी पिऊन परत सांगितलं होतं. पेन मात्र लवकर थांबलं. मला वाटलं, हात दुखला असेल बिचारीचा.

लिही गं. थांबू नकोस. 'माझ्या सुनेने माझ्या अंगठ्याच्या वर खोटं लिहिलं.' लिहिलंस? मोठ्याने वाच. हं.

(लिहिलं आहे. ते खरं आहे. चौकोनी मूठ तिच्या हाताला बसणार नाही हे मला साबण बघूनच कळलं होतं. म्हणूनच लिहिलं.)

आता ती किती वेळ लिहीत होती ते मी बघितलं, आणि काय लिहिलं ते विचारणार नाही.

मी तिला एवढंच विचारलं, "का?" तिने पेनाला टोपण लावलं, परत काढलं. मग म्हणाली, "फाटकावर छप्पर असतं, आई."

मी चांगला सात पिढ्यांचा उद्धार करायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. तुझा बाप गेल्यापासून ही बाई तुला छपराखाली ठेवायला बघते आहे आणि तू दर वेळी खिडकीतून बाहेर. तिचं भय मला कळतं. पण हात तुझा, नोकरी तुझी, आणि प्रश्न तू मला विचारला होतास. तेव्हा गुन्हा तो गुन्हाच.

आता खरं उत्तर ऐक. हे ती अक्षर न अक्षर लिहिते आहे, कारण हे पत्र टाकायच्या आधी मी पोस्टातल्या बाईंकडून वाचून घेणार आहे. तसं सांगितलंय तिला.

लोखंड वाढवता येत नाही आणि दलाच्या मालाला कानस लावून कमीही करू देत नाहीत. चौकोनी मुठीचा कोपरा लोखंडाचा. गाल कितीही पातळ केले तरी तो राहणारच आणि आखूड तळव्यात रुतणारच. गोल मूठ मुळात लहान. तुझी करंगळी बाहेर राहते म्हणतेस, तर तिथे लाकूड खाली वाढवायचं. बोटांमध्ये पोकळी राहते, तिथे भरायचं. चापाशी बोट पोचायला हवं, तिथे घासायचं. लहान मुठीवर आपल्या हाताएवढं लाकूड चढवता येतं. म्हणून गोल.

उस्तादांकडे जा आणि बदलून मागून घे. स्वतःचे गाल बसवायला परवानगी आहे का तेही विचार. एवढंही कळत नाही, असं म्हणाले तर म्हण, नाही कळत, म्हणून तर तुम्हाला ठेवलंय.

आता गाल कोण करणार? मी तुला कळवलं नव्हतं, कारण तू लगेच डोळ्यांत पाणी आणतेस, पण माझी बोटं आता ब्लाऊजचे हूकही लावत नाहीत. ते काम तुझी आई करते, नाक फुगवून. तेव्हा दंड म्हणून गालही तिनेच करायचे. आजोबांच्या शेजारी बसून ती शिकली, चाकूंच्या आणि पटाशांच्या मुठी करून घर चालवते. रिव्हॉल्व्हरच्या मुठीला मात्र आजवर हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं की "आई, तुमचं माणूस" म्हणून आत यायची. या वेळी मी म्हटलं, "हे तुझंच माणूस आहे."

आता लिहिता लिहिता तिची नजर सारखी कोपऱ्यातल्या अक्रोडाच्या फळीकडे जाते आहे, म्हणजे पत्र इथेच संपलं.

अंगठा,
आजी


१ एप्रिल

आजी, आणि आई,

आई, हे तूच वाचणार, तर सरळ तुलाच लिहिते. तू मला नापास केलंस. शिडीवर सगळ्यांसमोर लोंबकळत होते तेव्हा मला वाटत होतं की माझंच काहीतरी कमी आहे. हे तू आजीला पूर्ण वाचून दाखव, पाणी प्यायला उठू नकोस. मी चिडले आहे. छपराची ओळ वाचली आणि कागद चुरगळून टाकला. मग परत सरळ केला. त्याला आता इस्त्री लागेल.

उस्तादांकडे गेले. संभाषण असं झालं.

"चौकोनी का घेतलं होतंत?"

"आजीचं पत्र आलं होतं."

"आता गोल का?"

"आजीचं पत्र आलं."

"आजी दलात कुठल्या तुकडीत होत्या?"

मी सगळं सांगितलं, साबणासकट. आई, तुझंही सांगितलं, इलाज नव्हता. त्यांनी माझा तळहात उजेडात धरला, निळ्या वर्तुळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पहिल्याच दिवशी मी गोल म्हणालो असतो. तुम्ही मला विचारलंत का? तुम्हाला आजी जवळची." मग त्यांनी बदलायचा अर्ज स्वतःच लिहिला. एकदाच बदलता येतं. गालांना परवानगी आहे, पण शस्त्रागारातले मिस्त्री तपासून बसवणार. मिस्त्रींनी सांगाड्यावरून पेन्सिल फिरवून कागदावर आकार काढून दिला आहे, तो सोबत. स्क्रूच्या जागा त्यांनी लाल केल्या आहेत. म्हणाले, लाकूड थोडं जास्तच ठेवा, शेवटचं बसवणं माझ्यावर सोडा.

आई, रागाच्या भरात 'तू करूच नकोस' असं लिहिणार होते. पण दुसरं कोण करणार, आणि तुझ्याएवढं चांगलं कोण करणार. हे कौतुक नाही. अडचण आहे.

मुंगळा


१२ एप्रिल

चि. मुंगळ्यास,

डब्यात गाल आहेत. कापूस फेकू नकोस, माझ्या उशीतला आहे.

तुझं पत्र तिने एका दमात वाचलं, पाणी न पिता. 'तू मला नापास केलंस' हे मोठ्याने वाचलं. मग चहा केला, आणि तो दोघींनाही कडू लागला, साखर विसरली होती.

पहिली जोडी चार दिवस केली. मी हातात घेतली आणि म्हटलं, "हे काय, कपाटाचं हँडल?" म्हणाली, "भक्कम आहे." म्हटलं, "भक्कम हा शब्द या घरात आता काही दिवस बंद." ती जोडी चुलीशेजारी पडली आहे, तिच्यावर झाकण ठेवता येतं.

दुसरी जोडी करताना तिने तुझा साबण शेजारी ठेवला आणि लाकूड कमी, खाचेत बोट जास्त, असं काम चाललं. जरा घासायची, साबणात बोट घालायची, परत घासायची. साबण इतका झिजला की तुझी करंगळी आता त्यात दिसत नाही. पण लाकडात आली आहे. खाली बघ, अर्ध्या बोटाएवढं पुढे काढलेलं आहे आणि कडा गोल केल्या आहेत, कोटात अडकणार नाही. मी डोळे मिटून हात फिरवला. मी चाळीस वर्षं दुसऱ्याचे गाल घासले, मला खोट काढता येते. एकच काढली, उजवा गाल जाड वाटतो. तिला म्हटलं तर ती म्हणाली, मुद्दाम. मिस्त्री म्हणालेच आहेत जास्त ठेवा.

मग अचानक मला विचारते, "शिडी ओली असते का?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मी कुठल्या तुकडीत होते?"

पेन आज कुठेही जास्त चाललं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

सराव कर. हाताला लाकडाची सवय होऊ दे. नाही जमलं तर नाही जमलं, काचेच्या खोलीत बसून ट्रकवाल्यांना पिडशील, तेही तुला छान जमेल. पण जमेल असं मला वाटतं, आणि लिहिणारीची मान हलते आहे. कुठल्या दिशेने ते सांगत नाही.

अंगठा,
आजी


३० एप्रिल

आजी, आई,

सगळं क्रमानेच सांगते, म्हणजे आईला मधूनच खाली बघता येणार नाही. आई, खाली बघू नकोस.

मिस्त्रींनी गाल बसवले. उजवा गाल जरा घासला, फारसा नाही. म्हणाले, "ज्या कोणी केलंय त्यांनी हात बघितलाय." लांबडीने रिव्हॉल्व्हर उचललं, दोन वेळा धरून पाहिलं आणि खाली ठेवलं. म्हणाली, "हे कुणालाच बसणार नाही." मला बसतं, बाई. मला!

परीक्षेच्या दिवशी वारा होता. उभ्याने झालं, बरं झालं. शिडीवर माझा नंबर मागे होता, तोवर सगळ्यांनी ओल्या बुटांनी चढून चढून दोरी चिंब. पहिली गोळी सुटली आणि सवयीने मी पकड बसवायला गेले, तर ती होती तिथेच होती. दुसरी, तिसरी, तसंच. करंगळी लाकडाला धरून होती. शेवटची गोळी चुकली, कारण मी हसत होते. उस्ताद खालून ओरडले, "हसण्याचे गुण नाहीत!"

पास.

बोट मिळाली. जुनी आहे, इंजिन खोकतं, पण छप्पर आहे, आई. अर्ध्या भागावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली गस्त.

राग अजून आहे, थोडा. तो सुट्टीत घरी येऊन काढीन, समोरासमोर, म्हणजे तुला लिहून घ्यावा लागणार नाही.

मुंगळा


८ मे

चि. मुंगळ्यास,

'पास' हा शब्द तिने वाचला आणि कागद माझ्या हातात दिला, जसं काही मला वाचता येतं. मीही घेतला. मग मी म्हटलं, "पुढचं वाच, छप्पर आहे की नाही ते कळू दे." अर्ध्या भागावर, हे ऐकून ती रडता रडता हसली की हसता हसता रडली, मला या वयात नीट दिसत नाही.

तू हसलीस म्हणून गोळी चुकली हे मला पटलं. आजोबाही हसताना पटाशी चुकवायचे. पहिल्या गस्तीला गळ्याभोवती काहीतरी गुंडाळ. आणि लांबडीला साबण पाठवायला सांग, तिचा हात चौकोनीला तरी नीट बसतो का ते पाहू. इथे एक बाई रिकाम्या बसल्या आहेत, म्हणजे बसल्यासारखं दाखवतात, पण सकाळपासून अक्रोडाची उरलेली फळी इकडून तिकडे करत आहेत.

माझं सांगून झालं. अंगठाही उमटवला, या वेळी अंगठा कागदाच्या मधोमध घेतला आहे, त्याच्या खाली लिहिलेलं माझं नाही. मी आता पडते. खरंच पडते, भिंतीकडे तोंड करून.

आजी


बाळा,

सासूबाई घोरताहेत, खोटं खोटं.

तू बोटीवर जाऊ नयेस असं मला अजून वाटतं. ते वाटणं जायचं नाही, आणि मी ते आता कुणाच्या नावावर लिहिणार नाही. सुट्टीत ये आणि भांड.

पहिल्या गस्तीहून आलीस की तळहात बघ. अंगठ्याखाली लाल झालं असेल तर उजवा गाल अजून जाड आहे. कुठे लाल झालंय ते मला लिही. आजीला नको, मला लिही. गाल काढून पाठवलास तर त्याच दिवशी घासून परत पाठवीन.

आई